पाण्याचा तळ वर का दिसतो?

उन्हाळ्यात गिरणा धरणातून पाण्याचे आवर्तन सुटले की पाचोरा-भडगाव पट्ट्यातील पोरे नदीकडे धावतात. पावसाळ्यात गढूळ असलेली गिरणा त्या दिवसांत निवळलेली असते. तळाची वाळू, गोटे, बोटभर मासे, सारे काठावरून दिसते. एखादा धीट पोरगा पाण्याकडे पाहून म्हणतो, "गुडघाभर पाणी शे, चाल!" आणि उडी घेतो. पाणी गुडघाभर नसते.

बंधू-भगिनींनो, बुडालेल्या मुलांच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. त्यात 'पाण्याचा अंदाज न आल्याने' हे शब्द ठरलेले असतात. हा अंदाज का येत नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही. कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी म्हणतो डोहातल्या आसरांनी ओढून नेले. आसरांचा यात काही संबंध नाही. मुलाला त्याच्याच डोळ्यांनी चुकीचे माप सांगितले. ते का सांगितले, हे आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'प्रकाशाचे अपवर्तन' या धड्यात लिहिलेले असते. आपल्यापैकी जे जुनी अकरावी किंवा दहावी शिकले, त्यांनी हाच धडा 'वक्रीभवन' या नावाने पाठ केला असेल. परीक्षा झाली आणि धडा विसरला. तो धडा नदीकाठी उपयोगी पडायला हवा होता.

आधी घरातला एक प्रयोग करा. मुलांना जवळ बसवा. स्टीलची खोल वाटी घ्या, तिच्या तळाशी एक रुपयाचे नाणे ठेवा. मुलाला सांगा की हळूहळू मागे सरक, आणि वाटीच्या काठाआड नाणे दिसेनासे झाले की थांब. आता त्याने मान हलवायची नाही. दुसऱ्याने वाटीत अलगद पाणी ओतायचे. पाणी चढू लागले की दिसेनासे झालेले नाणे पुन्हा दिसू लागते, जणू कोणी ते वर उचलले. नाणे तर तळालाच आहे. मग वर कोण आले?

नाण्यावरून निघालेला प्रकाश पाण्यातून सरळ वर येतो, पण पाण्यातून हवेत शिरताना त्याची वाट मोडते. तो थोडा आडवा कलून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. डोळ्याला ही मोडलेली वाट कळत नाही. प्रकाश सरळच आला असे धरून तो त्या रेषेत मागे पाहतो आणि नाणे खऱ्या जागेपेक्षा वर आहे असे ठरवतो. नदीचा तळही असाच वर उचललेला दिसतो.

वाट मोडते ती वेग बदलल्यामुळे. प्रकाश पोकळीत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो, हवेतही जवळजवळ तेवढाच. पाण्यात त्याचा वेग सव्वादोन लाखांवर येतो, साध्या काचेत सुमारे २ लाखांवर, आणि हिऱ्यात तर सव्वा लाखाच्या आसपास. पण वेग कमी झाला म्हणून दिशा का बदलावी? हे समजायला आपली बैलगाडी पुरेशी आहे. पक्क्या सडकेवरून गाडी तिरपी वळवून पाऊस पडलेल्या काळ्या शेतात घाला. उजवे चाक आधी चिखलात गेले तर ते अडखळते. डावे चाक अजून सडकेवर जोरात चालले आहे. म्हणून गाडी आपोआप उजवीकडे वळते. दोन्ही चाके चिखलात गेली की ती पुन्हा सरळ चालते, पण नव्या दिशेने. चिखलातून सडकेवर येताना उलटे घडते. जे चाक आधी बाहेर आले ते पळू लागते आणि गाडी दुसऱ्या बाजूला वळते. गाडी अगदी समोरून, काटकोनात शेतात घातली तर दोन्ही चाके एकदम मंदावतात आणि दिशा बदलत नाही. प्रकाशाचेही अगदी असेच आहे. हॉलंडच्या स्नेल याने १६२१ च्या सुमारास या वळणाचे गणित मांडले. त्याच्याही आधी, दहाव्या शतकात, बगदादच्या इब्न सहल याने ते मांडले होते. पाठ्यपुस्तकात नाव मात्र स्नेलचेच येते.

आता हे गणित नदीवर लावू. अगदी वरून, सरळ खाली पाहिले तर पाणी खऱ्या खोलीच्या पाऊणपट दिसते. ८ फूट पाणी ६ फूट वाटते. ४ फूट पाणी ३ फूट. चार फूट उंचीच्या पोराला ३ फूट म्हणजे छातीएवढे पाणी वाटते, म्हणून तो निर्धास्त उतरतो. खरे पाणी त्याच्या डोक्याला टेकलेले असते. आणि हे झाले सरळ वरून पाहिल्यावर. काठावरचा पोरगा पुढच्या पाण्याकडे तिरपा पाहतो. जितके तिरपे पाहावे तितका तळ अधिक वर दिसतो. फार तिरप्या नजरेला खोली निम्म्याहूनही कमी भासू शकते. म्हणून पायाजवळचे पाणी आहे तसे आणि पुढचे त्याहून उथळ, असा भास होतो. प्रत्यक्षात पुढे खोल होत गेलेले असते.

त्यात गिरणेचे एक वेगळे दुखणे आहे. वाळूच्या उपशाने पात्रात जागोजागी खड्डे झाले आहेत. काल घोट्याएवढे पाणी होते तिथे आज पुरुषभर असू शकते, आणि वरून दोन्ही ठिकाणची वाळू सारखीच चमकते. नदी लहानपणापासून ओळखीची आहे, हा मोठ्या माणसांचा भरवसाही इथे उपयोगाचा नाही. गढूळ पाण्याला माणूस भितो, कारण तळ दिसत नाही. या प्रकारात नितळ पाणी अधिक फसवते.

भाल्याने मासा टिपणारे लोक मासा दिसतो तिथे मारीत नाहीत, त्याच्या खाली नेम धरतात. त्यांनी अपवर्तनाचा धडा वाचलेला नसतो. हाताने शिकलेला असतो. पोहायला जाणाऱ्या मुलांना आपणही एवढे हाताने शिकवू शकतो. आपल्यापेक्षा उंच काठी घेऊन जायचे, पुढचे पाऊल टाकण्याआधी काठी टेकवून पाहायची, आणि अनोळखी पाण्यात उडी कधीच मारायची नाही. कोणी बुडताना दिसले तर पोहता न येणाऱ्याने मागोमाग उडी टाकू नये. दोर, धोतर, साडी, लांब बांबू, रिकामा बंद डबा, जे हाती लागेल ते त्याच्याकडे टाकावे आणि ओरडून माणसे गोळा करावीत. एका घरातली दोन-तीन भावंडे एकदम जातात ती बहुधा एकमेकांना वाचवायला जाऊन. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरतो आणि वर येता येत नाही, तेव्हा तिथे कडेला दोर बांधलेला असावाच.

ज्या वळणाने डोळे फसतात, त्याच वळणावर डोळ्यांचे कामही चालते. आपल्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा हा वाकडा आहे. हवेतून आलेला प्रकाश त्याच्यातून शिरताना वळतो आणि पुढे डोळ्यातले भिंग त्याला नेमके पडद्यावर आणून सोडते. वळवण्याचे दोन-तृतीयांश काम पुढचा पडदाच करतो. पाण्यात डोळे उघडून पाहा, सारे धूसर दिसेल. कारण पाणी आणि तो पडदा यांत प्रकाशाचा वेग जवळजवळ सारखाच असतो, म्हणून वळण मिळत नाही. चष्म्याची काच म्हणजे वळण कमी पडले तर भर घालणारी किंवा जास्त झाले तर कमी करणारी वस्तू. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेले भिंग काढून त्या जागी बनवलेले स्वच्छ भिंग बसवतात. आणि आयाबायांनो, फळ्यावरचे नीट दिसत नाही म्हणून मागे पडलेले पोर 'ढ' नसते. त्याला मारण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या.

वेग बदलायला पाणी किंवा काचच हवी असे नाही. हवासुद्धा एकसारखी नसते, ती थंड आणि गरम असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा पाचोऱ्याहून जामनेरकडे किंवा भडगावकडे जाणाऱ्या डांबरी सडकेवर दुपारी पुढे पाणी सांडल्यासारखे दिसते. जवळ जावे तो पाणी पुढे सरकते. सडकेलगतची हवा फार तापून विरळ झालेली असते. तिच्यात प्रकाश किंचित अधिक वेगाने जातो. आकाशाकडून खाली येणारा प्रकाश त्या थरात वळत वळत पुन्हा वर येतो आणि आपल्या डोळ्यात शिरतो. डोळा नेहमीप्रमाणे सरळ रेषेत पाहतो, आणि त्याला आकाशाचा तुकडा सडकेवर पडलेला दिसतो. निळसर, चकाकणारा म्हणून तो पाणी वाटतो. हेच मृगजळ. नेपोलियनच्या सैन्याबरोबर १७९८ मध्ये इजिप्तला गेलेल्या मोंज नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने याचा उलगडा केला. तहानलेले सैनिक वाळवंटात त्या पाण्यामागे धावत होते. मृगजळाचा फोटो काढता येतो, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. भ्रम मनाचा असता तर कॅमेऱ्यात आला नसता. प्रकाश खरोखरच तिथून आलेला असतो.

मावळता सूर्यही असाच. तो क्षितिजावर टेकलेला दिसतो तेव्हा खरा सूर्य पूर्ण खाली गेलेला असतो. वरून खाली दाट होत जाणाऱ्या हवेत त्याचे किरण वळतात आणि आपल्याला तो सुमारे अर्धा अंश वर उचललेला दिसतो. म्हणून आपल्याला सकाळी दोन-अडीच मिनिटे आधी आणि संध्याकाळी तेवढीच मिनिटे नंतर सूर्य मिळतो. शेतावर मजुरी करणाऱ्याने त्याचा हिशेब कोणाला मागावा, हे आम्हाला ठाऊक नाही!

आवाजाचेही ऐका. पाचोरा हे मनमाड-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन. इथून जामनेरला जाणारी अरुंद रुळांची छोटी 'पीजे' गाडी कोरोनाच्या साली, २०२० मध्ये, थांबली; पण मोठ्या गाड्यांचे भोंगे रात्रंदिवस चालूच असतात. दुपारी ज्या खेड्यात भोंगा ऐकू येत नाही, तिथे हिवाळ्यातल्या रात्री तो अगदी शेजारी वाजल्यासारखा येतो. रात्री गलका कमी असतो हे एक कारण आहेच. दुसरे कारण वळणाचे. आवाज गरम हवेत अधिक वेगाने जातो. दिवसा जमिनीजवळची हवा गरम आणि वरची थंड, त्यामुळे आवाजाची लाट वरच्या बाजूला वळते आणि आपल्या डोक्यावरून निघून जाते. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते, खालची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार राहते. मग तीच लाट खाली वळून दूरच्या वस्तीत उतरते. किनाऱ्याकडे येणाऱ्या समुद्राच्या लाटाही उथळ पाण्यात मंदावतात आणि वळून किनाऱ्याला समांतर होतात. कोकणात गेलात तर पाहा.

आता पायाखाली येऊ. ज्यांनी विहिरीच्या कामावर सुरुंग लावले आहेत त्यांना माहीत आहे की स्फोटाचा हादरा आधी पायाला लागतो आणि आवाज मागाहून कानावर येतो. हवेत आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जातो. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बसाल्टमध्ये, हादरा सेकंदाला पाच किलोमीटरच्या आसपास धावतो. खडक बदलला की हा वेग बदलतो, आणि वेग बदलला की लाट वळते. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण विभागात नोकरी केलेल्या ओल्डहॅम या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास केला. पुढे १९०६ मध्ये भूकंपाच्या लाटांच्या अशाच वेळा पाहून त्याने पृथ्वीच्या पोटात वेगळा गाभा असल्याचे दाखवून दिले. तिथवर आजही कोणाचे यंत्र पोहोचलेले नाही.

आपल्या पाचोरा तालुक्यातही असे काम झाले आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ डॉ. के. एल. कैला आणि त्यांचे सहकारी यांनी देशात ठिकठिकाणी लांबलचक रेषा आखून जमिनीची खोल तपासणी केली. त्यातली एक रेषा मध्य प्रदेशातील थुआदऱ्याहून निघते, सेंधव्यावरून सातपुडा ओलांडते, तापी पार करते आणि आपल्या सिंदाडला येऊन संपते. तिचे निष्कर्ष १९८० च्या दशकात प्रसिद्ध झाले.

कामाची पद्धत अशी. जमिनीत भोक पाडून सुरुंग उडवायचा. रेषेवर ठरावीक अंतराने कंप टिपणारी छोटी उपकरणे मांडलेली असतात. प्रत्येक ठिकाणी पहिला हादरा किती वेळाने पोहोचला, ते सेकंदाच्या बारीक भागापर्यंत लिहून घ्यायचे. एवढ्यावरून खोली कशी कळते? असे समजा, एका खेड्यातून दोन भाऊ एकाच वेळी निघाले. थोरला सरळ पायी चालू लागला. धाकटा आधी आडवाटेने स्टेशनवर गेला, गाडीत बसला, आणि उतरून पुन्हा तेवढेच चालला. शेजारच्या गावाला जायचे असेल तर थोरलाच आधी पोहोचेल. भुसावळला जायचे असेल तर धाकटा. मध्ये एक असे गाव असेल जिथे दोघे बरोबर पोहोचतात. ते गाव कोणते हे कळले, पायाचा आणि गाडीचा वेग कळला, की खेड्यापासून स्टेशन किती दूर हे घरबसल्या काढता येईल.

जमिनीत वरचा मंद थर म्हणजे पायवाट आणि खालचा वेगवान खडक म्हणजे गाडी. एक लाट वरच्या थरातून सरळ येते. दुसरी खाली उतरते आणि वेगवान खडकाच्या तोंडाशी नेमक्या कोनात वळून त्याच्या पाठीवरून धावते. चिखलातून तिरपी येणारी बैलगाडी सडकेच्या कडेलाच समांतर लागावी तशी. धावताना ती वाटेत सतत वर कंप सोडत जाते. जवळच्या उपकरणांवर पहिली लाट आधी येते, दूरच्या उपकरणांवर दुसरी. त्या दोघांच्या वेळांवरून खडकाची खोली निघते. त्याखाली आणखी वेगवान खडक असेल तर तिसरी लाट आणखी दूरवर पहिला नंबर पटकावते.

आपल्या भागात मात्र एक अडचण होती. वरचा थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला बसाल्ट. तो वेगवान, आणि त्याच्या खाली वालुकाश्मासारखा गाळाचा खडक असेल तर त्यात हादऱ्याचा वेग सेकंदाला तीन-साडेतीन किलोमीटरच. म्हणजे इथे सडक वर आणि चिखल खाली. सडकेवरून चिखलात शिरलेली गाडी आणखी आत वळते, कडेने धावत नाही. लाटही तशीच खाली वळून निघून जाते. त्या मंद थराच्या पाठीवरून धावून वर येणारी लाट तयारच होत नाही. वळलेल्या लाटांवर भरवसा ठेवणाऱ्या शास्त्रज्ञाला हा थर दिसतच नाही, बसाल्टखाली एकदम ग्रॅनाइटसारखा पायाचा खडक लागला असे त्याला वाटेल.

तरी तो थर सापडला. कारण त्याहून खोल असलेल्या पायाच्या खडकात हादरा सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावतो, आणि तिथून परत आलेली लाट अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचत होती. मध्ये कुठेतरी ती रखडली होती. या उशिरावरून आणि थरांवर आपटून परत आलेल्या लाटांवरून कैला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुमान काढले. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात बसाल्टच्या खाली गाळाच्या खडकांचे, काही ठिकाणी शेकडो मीटर जाडीचे, थर दडलेले आहेत. लाव्हा येण्याआधीच्या, मध्यजीव नावाच्या काळातले. तेल आणि वायू शोधणाऱ्यांना अशा थरांत रस असतो, म्हणून या निष्कर्षाला महत्त्व आले. सिंदाडखाली तेल सापडले, असा त्याचा अर्थ कोणी करू नये.

हे सगळीकडे सारखे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे खोल भोक पाडले, तेव्हा साडेतीनशे मीटरच्या आतच बसाल्ट संपला आणि खाली सरळ पायाचा जुना खडक लागला. मध्ये गाळाचा मोठा थर नव्हता. वरून पाहणाऱ्याला किल्लारीची काळी माती आणि सिंदाडची काळी माती सारखीच दिसते. सिंदाडचे नाव मात्र भूगर्भशास्त्राच्या लेखांत राहून गेले आहे. त्या लेखांत ही तपासणी अजूनही 'थुआदरा-सेंधवा-सिंदाड' याच नावाने ओळखली जाते.